जुन्या ट्रकला नवा फवारा

अमेरिकेत जुनी वाहने जतन करून वापरण्याची हौस मोठी आहे. शेव्हरोले कंपनीचा १९७२ सालचा सी-१० हा पिकअप ट्रक अशा हौशी मंडळींचा विशेष आवडता. पुढे बसायची केबिन आणि मागे सामानासाठी उघडा हौदा, अशी ही गाडी असते. तिच्यात बरेचदा आठ सिलिंडरांचे, ५.७ लिटरचे इंजिन असते आणि त्याला पेट्रोल पुरवतो कार्बुरेटर. समजा, मालकाला हा कार्बुरेटर काढून त्याजागी विजेवर चालणारी फवारा-पद्धती, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, बसवायची आहे. तयार संच बाजारात पुष्कळ मिळतात. त्यांतून योग्य तो कसा निवडावा? प्रश्न दुकानातला वाटतो. पण मित्रांनो, त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या पुस्तकांतच आहे.

कार्बुरेटर कोठे कमी पडतो?

१ किलोग्रॅम पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखणे हेच कार्बुरेटरचे काम. त्याच्या नळीचा मधला भाग अरुंद असतो. तेथे हवेचा वेग वाढतो आणि बर्नोलीच्या तत्त्वानुसार तिचा दाब घटतो. त्यामुळे शेजारच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते. युक्ती सुरेख आहे. पण छिद्र ठरावीक मापाचे असते. डेन्व्हर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. तेथील हवा विरळ. तिच्या मानाने पेट्रोल जास्त पडते, धूर वाढतो आणि इंधन वाया जाते. कडाक्याच्या थंडीत याच्या उलट अडचण येते. पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि इंजिन चटकन सुरू होत नाही.

फवारा-पद्धतीत हवेचा दाब, तापमान आणि इंजिनाचे फेरे मोजले जातात. छोटा संगणक त्यांवरून हिशेब करतो आणि फवाऱ्याची झडप सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती उघडतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींतही हीच पद्धती आली. ती कदाचित तुमच्या घरीही असेल.

आधी गणित, मग खरेदी

अनेक संचांवर '६०० अश्वशक्तीपर्यंत' असे ठळक छापलेले असते. मोठा आकडा पाहून भुलू नका! आपले इंजिन २०० अश्वशक्तीचे धरू. पूर्ण जोराने चालताना दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२७ ग्रॅम पेट्रोल लागते.

२०० × २२७ = ४५,४०० ग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे ४५ किलोग्रॅम.

फवारे चार असतील आणि ते फार तर ८० टक्के वेळ उघडे ठेवायचे असतील, तर प्रत्येकाची क्षमता ४५.४ ÷ (४ × ०.८) = सुमारे १४ किलोग्रॅम हवी. याच्या तिप्पट क्षमतेचा फवारा घेतला तर काय बिघडेल? इंजिन संथ फिरत असताना त्याला इतका थोडा वेळ उघडावे लागेल, की मात्रा अचूक राखणे अवघड होईल. डोळ्यांत औषध घालायला कोणी पळी घेत नाही.

संचांचे तीन प्रकार

पहिल्या प्रकारात फवारे एकाच ठिकाणी, कार्बुरेटरच्याच बैठकीवर बसतात. फेरफार कमी करावे लागतात आणि खर्चही त्या मानाने कमी येतो. दुसऱ्यात प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी वेगळा फवारा असतो. इंधनाची वाटणी अधिक सारखी होते, पण हवा वाटणारी नळ्यांची जोडणी बदलावी लागते. तिसरा मार्ग काटकसरीचा. १९८७ पासून शेव्हरोलेच्या ५.७ लिटर ट्रक-इंजिनांवर कारखान्यातच दोन फवाऱ्यांची पद्धती येऊ लागली. ती भंगारातल्या ट्रकवरून काढून घेता येते. तिचा संगणक साध्या इंजिनासाठीच बेतलेला आहे. इंजिनात मोठे बदल केलेले असतील तर मात्र त्याचे हिशेब पुन्हा बसवावे लागतात.

आसनामागची टाकी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कार्बुरेटरला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.४ किलोग्रॅम दाबाने पेट्रोल पुरते. तिसऱ्या प्रकाराला ०.६ ते ०.९ लागतो. आजच्या बहुतेक तयार संचांना मात्र सुमारे ४ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ दहापट दाब हवा असतो! जुनी रबरी नळी तो सोसू शकत नाही. त्यातच १९६७ ते १९७२ च्या सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी चक्क केबिनमध्ये, आसनाच्या मागे असते. गळती झाली तर पेट्रोलची वाफ थेट माणसांजवळ साठणार आणि एक ठिणगी घात करणार. म्हणून जाणते लोक टाकी मागे, हौद्याखाली हलवतात, दाबाला प्रमाणित नळ्या घालतात आणि इंजिन थांबताच पंप आपोआप बंद होईल अशी जोडणी करतात. संचाच्या किमतीत हा खर्च आधीच धरावा. तो परवडत नसेल तर खरेदी पुढे ढकलावी, पण नळीत काटकसर करू नये.

खोटी साक्ष

धुराच्या नळीत बसवलेला संवेदक धुरात उरलेला प्राणवायू मोजतो. प्राणवायू जास्त आढळला की संगणक समजतो, 'पेट्रोल कमी पडले', आणि मात्रा वाढवतो. पण नळीला संवेदकाच्या आधी भोक असेल तर? बाहेरची हवा आत शिरते, संवेदक तोच प्राणवायू मोजतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल ओतत राहतो. एखादा स्पार्क प्लग पेटत नसला तरी हाच घोटाळा होतो, कारण न वापरलेला प्राणवायू तसाच बाहेर येतो. संगणक हिशेबात चुकत नाही. त्याला साक्षच खोटी मिळते. तेव्हा आधी इंजिन, प्लग, धुराची नळी आणि वीजपुरवठा तपासावा. आजारी इंजिन नवा फवारा बसवून बरे होत नाही.

कायदाही पाहावा लागतो. कॅलिफोर्निया राज्यात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना ठरावीक मुदतीची धूरतपासणी माफ आहे. त्यानंतरच्या गाडीला मंजुरी असलेलेच भाग बसवावे लागतात.

मग निवड काय? ट्रक रोजच्या वापरात असेल आणि घाटमाथ्यावर चढउतार करीत असेल, तर पहिल्या प्रकारचा, गरजेपुरत्या क्षमतेचा संच उत्तम. हात कुशल आणि खिसा लहान असेल तर तिसरा. दुसरा प्रकार जोरकस, खास बांधलेल्या इंजिनाला शोभतो. आणि ट्रक सपाट मुलखात महिन्यातून एकदाच फिरणार असेल, तर नीट दुरुस्त केलेला कार्बुरेटरही पुरेसा आहे.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. इंजिन ३०० अश्वशक्तीचे आणि फवारे आठ असतील, तर प्रत्येक फवारा किती क्षमतेचा हवा? उत्तर तासाला सुमारे १०.६ किलोग्रॅम आले, तर तुमची निवड बरोबर होईल.