टॅब्लेटची पारख

टॅब्लेट घेण्यास निघालेला गृहस्थ आधी किंमत विचारतो. वस्तुतः आधी ठरवावयाचे ते काम. २०११ साली दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा ७ इंची स्वस्त टॅब्लेट प्रसिद्ध झाला. त्याचा पडदा दाब दिल्याशिवाय दाद देत नसे. २०१२ च्या सुधारित ‘आकाश’मध्ये हलक्या स्पर्शाचा पडदा आला. स्वस्ताई आणि सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हाच यातील बोध.

वाचनाला १० इंचांच्या आसपासचा पडदा सुखाचा. प्रवासात ८ इंची हाताला हलका. वेष्टनावर ६४ जीबी साठवण लिहिलेली असली, तरी तिचा काही भाग यंत्राची स्वतःची प्रणालीच व्यापते. घरापुरते वाय-फाय पुरे. बाहेरही इंटरनेट हवे असल्यास सिमकार्डाची सोय पाहावी.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार? त्या थांबल्यावरही यंत्र चालते. पण बँकेचे व्यवहार त्यावर सोपविणे धोक्याचे ठरते. १२,००० रुपयांचा टॅब्लेट २ वर्षे सुरक्षित राहिला, तर वर्षाला ६,००० पडले. २०,००० रुपयांचा ५ वर्षे राहिला, तर ४,०००. हा भागाकार हीच त्याची खरी किंमत होय.