पर्सी जॅक्सनचे वडील कोल्हापुरात कसे पोहोचले?

'पर्सी जॅक्सन' वाचणाऱ्या मुलांना पोसायडन हा ग्रीक समुद्रदेव पर्सीचे वडील म्हणून माहीत असतो. याच पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आणि ती इथे का आली, याचा एक धागा सोलापूरच्या शेजारी सापडतो.

गोष्ट काय आहे?

अमेरिकन लेखक रिक रायर्डन यांच्या या मालिकेचं पहिलं पुस्तक 2005 मध्ये आलं. बारा वर्षांच्या पर्सीला वाचताना अक्षरं नाचताना दिसतात, वर्गात लक्ष लागत नाही. पुढे कळतं की तो अर्धा देव आहे आणि झ्यूसचं वज्र चोरल्याचा आळ त्याच्यावर आहे.

ग्रीक आणि रोमन देव एकच का?

रोमनांनी ग्रीक देवांची सांगड आपल्या देवांशी घातली. झ्यूस म्हणजे ज्युपिटर, पोसायडन म्हणजे नेपच्यून. रायर्डन यांच्या 2010 पासूनच्या दुसऱ्या मालिकेचा पाया हाच आहे: नाव बदललं की देवाचा स्वभावही बदलतो. देवांच्या ग्रीक आणि रोमन मुलांची छावणीही वेगळी असते.

मूर्ती इथे कशी आली?

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940 च्या दशकात ती सापडली. सातवाहन काळात रोमन साम्राज्याशी समुद्रमार्गे व्यापार चालायचा, त्यातून ती आली असं अभ्यासक मानतात. म्हणजे देव ग्रीक, पण त्याला इथे आणणारा व्यापार रोमन काळातला.

सोलापूरचा संबंध काय?

बार्शीच्या पलीकडे, धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात जायचं. आज चादरींसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरच्या परिसरातून दोन हजार वर्षांपूर्वीही कापडच बाहेर जात होतं.

तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आहे. तिच्याशी साधर्म्य असलेली मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळाली. हे शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचली होती.

मग हे देव परके कसे?

रायर्डन यांच्या गोष्टीत देव पश्चिमेकडे सरकत न्यूयॉर्कला पोहोचतात. प्रत्यक्षात त्यांच्यातला एक पूर्वेकडेही आला होता, व्यापाऱ्यांच्या सामानातून. पर्सी जॅक्सन वाचणाऱ्या सोलापूरच्या मुलांसाठी तेर आणि कोल्हापूरची संग्रहालयं हा त्याच गोष्टीचा पुढचा भाग ठरू शकतो.