कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण आणि जालसुरक्षा : एक विवेचन

प्रस्तावना :
महाड-पोलादपूरसारख्या अंतर्भागातील महाविद्यालयांतही आज प्रवेश, परीक्षा व ग्रंथालय यांचे कामकाज संगणकावर अवलंबून आहे. जेथे स्वतंत्र तंत्रज्ञ नाही, तेथे संगणकांची देखभाल एखाद्या प्राध्यापकाकडेच येते. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संगणकाची कार्यप्रणाली, अद्ययावत केल्यावर कधी कधी इंटरनेट बंद पडते. अशा वेळी फायरवॉल बंद करावी की अद्ययावतीकरण रद्द करावे, असा प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारणमीमांसा :
फायरवॉल व अँटिव्हायरस ही साधने कार्यप्रणालीच्या गाभ्याशी निगडित राहून माहितीची ये-जा तपासतात. गाभ्यात बदल झाला की जुन्या रचनेवर बेतलेले साधन वैध माहितीही अडवू शकते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधणाऱ्या डीएनएस व्यवस्थेतील गंभीर दोष डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिला. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ८ जुलै २००८ रोजी प्रसृत केली. परंतु झोन-अलार्म ही फायरवॉल असलेल्या अनेक विंडोज एक्सपी संगणकांचे इंटरनेट त्यामुळे बंद पडले. फायरवॉलची सुधारित आवृत्ती आल्यावर ही अडचण दूर झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅकओएस सेक्वोया आल्यानंतरही काही सुरक्षा-साधनांबाबत असेच घडले.

दुरुस्ती टाळण्याचे परिणाम :
अशा अनुभवामुळे अद्ययावतीकरणच थांबविणे अधिक धोक्याचे आहे. विंडोजमधील एका दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती. ती न बसविलेल्या संगणकांत १२ मे रोजी वॉनाक्राय पसरला. २७ जूनच्या नॉटपेट्या हल्ल्यात इतर मार्गांबरोबर याच दोषाचा वापर झाला आणि रायगड जिल्ह्यातीलच न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

निष्कर्ष :
दुरुस्ती आणि पहारा या दोहोंपैकी एकाचा त्याग करणे हा उपाय नव्हे. अद्ययावतीकरण प्रथम एकाच संगणकावर करून पाहावे, त्यानंतरच ते सर्वत्र करावे. प्रवेश व परीक्षांचे दिवस त्यासाठी टाळावेत; मात्र चालढकल करू नये. अडचण आल्यास सुरक्षा-साधनाची नवी आवृत्ती घ्यावी आणि तोपर्यंत तो संगणक जालापासून अलग ठेवावा. माहितीची स्वतंत्र प्रत अगोदरच काढावी. जुलै २०२१ चा महापूर अनुभवलेल्या महाडमध्ये ती प्रत वरच्या मजल्यावर ठेवणे इष्ट, हे वेगळे सांगावयास नको.