महासाथ आणि हिंगोली जिल्हा

• साथ एखाद्या प्रदेशापुरती मर्यादित असते, तर अनेक देशांत पसरलेल्या साथीला महासाथ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ला ११ मार्च २०२० रोजी महासाथ संबोधले.

• मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्तावरून हिंगोलीत परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे अनेक जवान एप्रिल २०२० मध्ये बाधित आढळले, त्यामुळे जिल्ह्यातील पहिल्या मोठ्या रुग्णसमूहात संचारबंदी राबवणारेच प्रामुख्याने होते.

• औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग असलेले मंदिर राज्यातील इतर प्रार्थनास्थळांप्रमाणे १६ नोव्हेंबर २०२० रोजी आणि, दुसऱ्या लाटेतील निर्बंधांनंतर, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी दर्शनासाठी उघडले.

• हिंगोलीचे माजी लोकसभा सदस्य व तत्कालीन राज्यसभा सदस्य राजीव सातव यांचे कोविडोत्तर गुंतागुंतीमुळे १६ मे २०२१ रोजी पुण्यात निधन झाले.