घरच्या संगणकातील दप्तर

घराण्याची कागदपत्रे पूर्वी रुमालात बांधून पेटीत ठेवीत. खरेदीखत, टिपणे, वडिलांची पत्रे, लग्नकार्याचे हिशेब असे सारे त्या एका दप्तरात असे. आज हे दप्तर बहुतेक मध्यमवर्गीय घरांतून संगणकात गेले आहे. जागा वाचली, शोधाशोध कमी झाली; परंतु हे नवे दप्तर जुन्यापेक्षा अधिक नाजूक आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

कागद टिकला तरी तो वाचणारा हवा, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर बहुतांशी मोडीत आहे. मोडी जाणणाऱ्यावाचून ते मुके होय. मोडी मागे पडावयास काही पिढ्या लागल्या. संगणकातील मराठी मजकुराची मात्र अशीच अवस्था वीस-पंचवीस वर्षांत होऊन बसली आहे.

याचे कारण असे. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळसा मराठी मजकूर अशा फॉण्टांत लिहिला गेला की, ज्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे. संगणकाच्या स्मरणात मात्र नोंद एखाद्या रोमन अक्षराचीच होई. तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थशून्य खिचडी समोर येते. शिवाय प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी; एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉण्टात वाचता येत नसे.

ही अडचण युनिकोडने दूर केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला त्यात स्थान आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरास कायमचा क्रमांक असतो; ‘क’चा क्रमांक २३२५. फॉण्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर बदलत नाही. म्हणून घरी मराठी लिहावयाचे ते युनिकोडमध्येच लिहावे. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट झालेला इन्स्क्रिप्ट हा कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत उपलब्ध असतो. सेटिंग्जमधील भाषांच्या यादीत जाऊन तो सुरू करावयाचा एवढेच. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात. अन्य भारतीय लिप्यांसाठीही मांडणी मूलतः हीच असल्यामुळे, बेंगळूरच्या मराठी कुटुंबातील मुलगा त्याच बोटांनी कन्नडही लिहू शकतो.

जुन्या फॉण्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरक सॉफ्टवेअरे आहेत. मात्र मजकूर कोणत्या फॉण्टात आहे हे त्यांना सांगावे लागते. म्हणून तो फॉण्ट हाताशी आहे तोवरच हे काम उरकावे. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहण्याचा संभव अधिक; तेव्हा रूपांतरित मजकूर मुळाशी ताडून पाहावा, आणि मूळ फाईलही पुसू नये.

दुसरी गोष्ट फाईलच्या स्वरूपाची. जे स्वरूप केवळ एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर उघडू शकते, त्यात घरचे दप्तर ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली परक्याच्या हाती देणे होय. २०१० साली पुढे आलेले लिबरऑफिस विनामूल्य आहे. ते अनेक जुन्या प्रकारच्या फाईली उघडते, आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ओपनडॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात त्या जतन करते.

तिसरी गोष्ट प्रतींची, आणि हीत हयगय सर्वांत अधिक होते. महत्त्वाच्या फाईलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा जाणकारांचा नियम आहे. फोन आणि संगणक इंटरनेटवरून परस्परांशी जोडलेले असले म्हणजे प्रत झाली, असे पुष्कळांना वाटते. परंतु अशा व्यवस्थेत एकीकडे पुसलेले छायाचित्र दुसरीकडूनही पुसले जाऊ शकते. तेव्हा बाह्य हार्ड डिस्कवर प्रत करावी आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून वेगळी करावी. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या उपद्रवी सॉफ्टवेअरने सुमारे दीडशे देशांतील संगणकांच्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे सॉफ्टवेअर संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कवरील प्रतीही बंद करू शकते. कपाटातील प्रतीला मात्र त्याचा हात पोचत नाही. त्या हल्ल्यास वाव देणाऱ्या दोषावरील उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिलेला होता. ‘अपडेट’ची सूचना नित्य पुढे ढकलण्याची सवय किती महागात पडते, हे यावरून उघड आहे.

एवढे करूनही एक काम उरतेच. प्रत केली, पण ती उघडते की नाही हे कोणी पाहिले नाही, तर ती असून नसल्यासारखी. दिवाळीपूर्वी घराची झाडलोट होते, त्याच सुमारास ती डिस्क बाहेर काढून चार-दोन फाईली उघडून पाहाव्यात. या कामास अर्धा तासही लागत नाही. आणि दप्तर कोठे आहे व कसे उघडावयाचे, हे घरातील आणखी एका माणसास सांगून ठेवावे. कारण ते ज्यांच्यासाठी जपावयाचे, त्यांनाच पुढे ते उघडावे लागणार आहे.