लॅपटॉप तुमचा, किल्ली कुणाची?

कॅमेऱ्यावर टेप लावणं आता कुणाला वेडेपणा वाटत नाही. जून २०१६ मध्ये इन्स्टाग्रामचे ५० कोटी युजर्स झाले म्हणून मार्क झुकेरबर्गने एक झकास फोटो टाकला, आणि लोकांची नजर गेली ती मागच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर. कॅमेऱ्यावर टेप, माइकवर टेप! अख्ख्या जगाला 'शेअर करा, शेअर करा' म्हणणारा हा गडी स्वतःच्या लॅपटॉपचे डोळे-कान झाकून बसलेला. मग काय, आपणही लावली.

या टेपच्या पुढची पायरी म्हणजे प्रायव्हसी लॅपटॉप. यातलं गाजलेलं नाव 'प्युरिझम'. या अमेरिकन कंपनीने २०१४ च्या अखेरीला लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून 'लिब्रेम' नावाचा लॅपटॉप आणला. त्याला दोन छोटे खटके. एक कॅमेरा-माइकचा, दुसरा वाय-फाय आणि ब्लूटूथचा. खटका पाडला की वीजच तुटते, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर आतून तो चालू करू शकत नाही. पार्सल वाटेत कुणी उघडेल अशी भीती असेल तर जादा पैसे मोजून आणखी एक सोय: स्क्रूंवर ग्लिटरवाली नेलपॉलिश! चमकीचे कण दर वेळी वेगळेच पडतात. त्याचे फोटो तुम्हाला आधी पाठवतात, लॅपटॉप आला की ताडून बघायचं. नेलपॉलिशचा इतका गंभीर वापर पार्लरमध्येसुद्धा होत नसेल.

वाचायला भारी वाटतं. पण खटका आणि नेलपॉलिश हे झालं बाहेरचं. आत, तुमच्या विंडोजच्या किंवा लिनक्सच्याही आधी जागं होणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याचं नाव फर्मवेअर. बटण दाबल्यावर मेमरी, स्क्रीन, कीबोर्ड यांना उठवायचं आणि मग सगळा कारभार विंडोजच्या हातात द्यायचा, हे त्याचं काम. ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहतं, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये ते बंद असतं. बंद म्हणजे त्याचा कोड तुम्हाला-आम्हाला वाचायला मिळत नाही.

फॉरमॅट मारला की झालं?

आपल्याकडे लॅपटॉपच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध: फॉरमॅट मार. पण ऑगस्ट २०१५ मध्ये लेनोवोच्या काही मॉडेल्सबद्दल एक भलतीच गोष्ट उघड झाली. डिस्क पूर्ण पुसून कोरं विंडोज टाकलं तरी कंपनीचं सॉफ्टवेअर पुन्हा हजर! कारण ते डिस्कवर नव्हतंच, बायॉसमध्ये होतं. विंडोज सुरू होताना तिथून गुपचूप आत यायचं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने ते काढून टाकणारं अपडेट दिलं. म्हणजे फॉरमॅट मारून घर स्वच्छ होतं, पण पाया तसाच राहतो.

त्याहून भारी किस्सा २०२४ चा. लॅपटॉप सुरू होताना घुसखोर सॉफ्टवेअरला अडवणारं 'सिक्युअर बूट' नावाचं एक कुलूप असतं. बायनर्ली या कंपनीच्या संशोधकांना दिसलं, की शेकडो मॉडेल्समध्ये त्या कुलपाची मुख्य किल्ली म्हणजे निव्वळ टेस्टिंगसाठी दिलेली नमुन्याची किल्ली आहे. तिच्या नावातच लिहिलेलं: डू नॉट ट्रस्ट. २०१२ पासून ती तशीच विकली जात होती. वाचलं कुणी? कोड बंद म्हटल्यावर कोण वाचणार!

बिल्डरने नेमलेला वॉचमन

पण फर्मवेअरवाल्यांच्या भांडणातला खरा खलनायक वेगळाच आहे: इंटेल मॅनेजमेंट इंजिन. २००८ पासून इंटेलच्या जवळपास प्रत्येक चिपसेटमध्ये हा एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटरच बसवलेला असतो. (एएमडीकडेही याचा चुलतभाऊ आहे.) मुख्य मशीन बंद असलं तरी वीज असेल तोवर तो जागा राहू शकतो. त्याच्यापर्यंत तुमचा हात पोचत नाही. त्याचा मात्र तुमच्या मेमरीपर्यंत आणि नेटवर्कपर्यंत पोचू शकतो. समजा, तुम्ही फ्लॅटला सेफ्टी डोअर बसवलं, लॅच बसवलं. पण वॉचमन बिल्डरने नेमलेला, मास्टर-की त्याच्या खिशात, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याच्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं, 'ते गोपनीय आहे.' तसंच हे.

इंटेलचं म्हणणं सरळ आहे. कंपन्यांच्या आयटी विभागाला हजारो मशीन्स दुरून दुरुस्त करता यायला हवीत. तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर व्ही-प्रोचा स्टिकर असेल तर ती सोय बहुधा त्यातही आहे. पण मे २०१७ मध्ये त्याच सोयीत एक भोक सापडलं: ती चालू असलेल्या मशीनवर लॉगिन करताना पासवर्डच्या उत्तराची जागा रिकामी पाठवली तरी दार उघडायचं. कित्येक वर्षं हे असंच होतं.

त्याच वर्षी कळलं, की नव्या मॅनेजमेंट इंजिनच्या आत 'मिनिक्स' चालतं. ही अॅम्स्टरडॅमच्या प्रोफेसर अँड्र्यू टॅननबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. खुद्द प्रोफेसरांना हे बातम्यांतून समजलं! लायसन्सप्रमाणे इंटेलने सांगायलाच हवं असं नव्हतं, पण सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्यांनी इंटेलला जाहीर पत्रात लिहिलं.

आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मॉस्कोच्या पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या मंडळींना या इंजिनचं एक लपवलेलं 'ऑफ' बटण सापडलं. ते कुणासाठी ठेवलं होतं? एनएसएशी जोडलेल्या अमेरिकन सरकारी सुरक्षा कार्यक्रमासाठी! जगावर पाळत ठेवल्याबद्दल बदनाम झालेल्या खात्यालाही हा वॉचमन आपल्या बिल्डिंगमध्ये नको होता. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं हवं?

त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये प्युरिझमने इंजिन निकामी केलेले लॅपटॉप विकायला घेतले, पाठोपाठ सिस्टिम७६ नेही. पण बंद केलं म्हणजे काढलं असं नाही. सुरुवातीचा छोटा तुकडा चालावाच लागतो. ते फर्मवेअर पूर्ण पुसलं तर मशीन अर्ध्या तासात आपोआप बंद पडतं. शिवाय मेमरी जागी करायला इंटेलचंच एक बंद गाठोडं लागतं, ज्याला हे लोक 'ब्लॉब' म्हणतात. प्युरिझमच्या 'सगळं काही मुक्त'वाल्या जाहिरातीवर कोअरबूट या खुल्या फर्मवेअरचं काम करणाऱ्यांनी २०१५ मध्येच टीका केली होती, की इंटेलच्या नव्या चिपवर हे जमणार नाही. ते बरोबर होते. माझं मत विचाराल तर खटके उत्तम, पण पाटीवर 'बहुतेक सगळं मुक्त' एवढंच लिहायला हवं होतं. पत्रकार किंवा वकील त्या पाटीवर विसंबून दुसऱ्याची गुपितं आत ठेवतात.

लाल टिकलीवाला

माझा एक मित्र हिंजवडीत नोकरीला आहे. त्याला 'बहुतेक' हा शब्दच मान्य नाही. त्याने लॅमिंग्टन रोडवरून जुना थिंकपॅड एक्स २०० उचलला. २००८ चं मॉडेल. टचपॅड नाही, कीबोर्डच्या मधोमध नुसती लाल टिकली. पण यातून मॅनेजमेंट इंजिन खरोखर समूळ काढता येतं. एका रविवारी त्याने कीबोर्ड उचकटला, चिपला चिमटा लावला आणि रास्पबेरी पायमधून 'लिब्रबूट' हे खुलं फर्मवेअर आत घातलं. तिसऱ्या प्रयत्नात स्क्रीन उजळली तेव्हा साहेबांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

मग जुनीच एक कटकट आठवली. जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाऊन' ही प्रोसेसरमधली भोकं जाहीर झाली होती. स्पेक्टरच्या बंदोबस्तात प्रोसेसरचा आतला 'मायक्रोकोड' बदलणं आलं, आणि तोही इंटेलचाच, बंद, वाचता न येणारा. त्यातून एप्रिल २०१८ मध्ये इंटेलने सांगून टाकलं, की एक्स २०० च्या पिढीसाठी स्पेक्टरचा मायक्रोकोड येणारच नाही. म्हणजे सगळ्यात शुद्ध लॅपटॉपला त्या रोगाची लसच नाही. त्याआधीचे जुने अपडेट्स आहेत, ते प्रोसेसरच्या इतर चुका सुधारतात. पण बंद म्हणून कडवी मंडळी तेही घेत नाहीत.

लिब्रबूटच्या संस्थापक लीया रो यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये हा सोवळेपणा सोडला. मायक्रोकोडची जुनी आवृत्ती चिपमध्ये कोरलेलीच असते. नवी नाकारून तुम्ही मुक्त होत नाही, फक्त जुन्या चुकांसकट राहता, हा त्यांचा युक्तिवाद. काहींना तो पटला नाही, त्यांनी 'जीएनयू बूट' नावाची वेगळी चूल मांडली. मला तो पटतो.

मित्राला विचारलं, 'मायक्रोकोड घातलास का रे?'

तो थोडा वेळ लाल टिकली फिरवत बसला. 'घातला. आधीचा पण बंदच होता ना.'

बँकेचे सगळे व्यवहार मात्र तो अजून फोनवरूनच करतो.