हातमागाचा वर्ग : आपल्या मुलींच्या हाती धोटा कशाला?

वस्तीत किंवा विहाराच्या सभागृहात सूतकताई-विणकामाचा वर्ग घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा, शिका म्हणून सांगितलं. आणि तुम्ही पोरींच्या हातात परत टकळी देता?" विचारणारे बहुतेक वेळा आमच्या वडिलांच्या वयाचे, चळवळीत उन्हातान्हाचे हिंडलेले असतात. प्रश्न रास्त आहे. त्याला 'हस्तकलेने मन शांत होतं' असं गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. आधी इतिहास नीट पाहावा लागतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते, पण चांगली मजुरी मिळणारं साचेखातं, म्हणजे विणाईचं खातं, त्यांना बंद होतं. कारण ऐकून आजच्या मुलींना हसू येतं आणि मग राग येतो. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवायचा आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचा. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, अशी सवर्ण कामगारांची भूमिका होती. एकमेकांची थुंकी चालत होती, महाराची मात्र चालत नव्हती. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. कामगार म्हणून सगळे एक असतील तर साचेखात्याचं दार काहींना बंद का, असा त्यांचा साधा सवाल होता. समाजशास्त्राच्या वर्गात आपण जातीला श्रमिकांची विभागणी म्हणतो, तिचं याहून नेमकं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

विदर्भातली गोष्ट वेगळी. तिथे अनेक महार घरांत सूत काढणं आणि जाडंभरडं कापड विणणं होतंच. गिरणीचं स्वस्त सूत आलं तसं हाताने कातलेलं सूत मागे पडलं. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, आणि पुढे आपल्या कितीतरी घरांतली माणसं माग सोडून गिरणीच्या भोंग्यावर उठू लागली. टकळी म्हटली की आपल्यातल्या काहींना आश्रम आठवतो आणि ते नाक मुरडतात. त्यांना एवढंच सांगायचं की टकळी आश्रमाच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ती फिरवणारे हात कुणाचे होते हेही पाहावं.

म्हणजे मेलेलं जनावर ओढणं आणि माग चालवणं यांना एका पंगतीत बसवता येत नाही. एक काम जातीने गळ्यात मारलेलं, दुसरं कुठे जातीने नाकारलेलं, कुठे बाजाराने काढून घेतलेलं. म्हणून हे हुनर मुलींनी स्वतःच्या मर्जीने शिकावं, मर्जीने सोडावं, यात आम्हाला काही वावगं दिसत नाही.

आता वर्गात नेमकं काय शिकवतात ते पाहू. सुरुवात टकळी आणि पेळूपासून होते. कापसाचा एक तंतू अडीच-तीन सेंटिमीटरचा. त्याचा मैलभर लांब धागा कसा होतो? गाठ नाही, डिंक नाही, फक्त पीळ. पीळ बसला की तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि घर्षणामुळे निसटत नाहीत. हे फळ्यावर सांगितलं तर कळतं, पण बोटांना कळत नाही. पेळू किती ओढायचा आणि पीळ कधी सोडायचा याचा अंदाज पहिल्या दिवशी कुणालाच येत नाही. धागा एकीकडे दोरीसारखा जाड, दुसरीकडे केसासारखा आणि लगेच तुटलेला. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेल्या मुली इथेच अडतात, कारण व्हिडिओत ताण दिसत नाही.

मग सुताचा नंबर. दुकानात वीस नंबर, चाळीस नंबर असं सूत मिळतं. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात, यावरून हा नंबर ठरतो. गणिताला घाबरणाऱ्या मुली हा हिशेब पटकन करतात. समोर सूत असलं की गणित गणित राहत नाही.

खरा मुक्काम ताण्यावर. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. खड्डामाग प्रत्येकीला मिळणं शक्य नसतं, म्हणून सुरुवात लाकडी चौकटीवर करतात. तीस सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीवर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर चुका ठोकल्या तर साधारण साठ धाग्यांचा ताणा बसतो. सुतार ओळखीचा असेल तर चौकट शे-दोनशे रुपयांत होते. प्रत्येक धागा सारखाच ताणलेला हवा. बोटाने टिचकी मारून बघायचं, ढिला धागा हाताला लगेच कळतो. यात सकाळ जाते आणि एक इंचही कापड होत नाही. मुली कंटाळतात, काही दुसऱ्या दिवशी येत नाहीत. ज्या येतात त्या पुढे टिकतात, असं आम्ही बघत आलोय.

विणायला लागलं की आणखी एक गंमत होते. कापड वर वर जाताना चिंचोळं होत जातं, पेरूच्या फोडीसारखं. कारण सोपं आहे. बाणा सरळ ओढून घेतला की त्याला वर-खाली वळायला सूत उरत नाही, मग तो कडेचे धागे आत खेचतो. उपाय म्हणजे बाणा कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग फणीने खाली ठोकायचा. हे कळायला एक वाक्य पुरतं, हातात यायला आठवडा लागतो. पुढे मोठ्या मागावर पावडी आली की एका पायाच्या दाबाने अर्धे धागे उचलले जातात, धोटा पलीकडे जातो, आणि चौकटीवर एकेक धागा उचलण्याचा त्रास का घेतला होता हे उमगतं.

वर्गात आजीलाही बोलवावं. वाकळ शिवणाऱ्या बायकांचा धावदोरा इतका सारखा असतो की फूटपट्टी लावावी. त्यांना कुणी कधी कारागीर म्हटलं नाही. आपल्या परंपरेत सुईला कमीपणाही नाही. भिक्खूच्या अष्ट परिष्कारांत चीवर, पात्र, वस्तरा यांच्याबरोबर सुई येते. आणि चीवर हे तुकडे जोडून शिवलेलं वस्त्र आहे. मगधातल्या भातशेतीचे बांध पाहून भगवंतांनी आनंदांना तशी बेतणी करायला सांगितली, असं विनयपिटकात आहे.

शहरात अशा वर्गांची सध्या चलती आहे. शनिवार-रविवारची कार्यशाळा, फी काही हजार, शेवटी स्वतः विणलेली एक पट्टी घरी न्यायची. त्यात वाईट काही नाही, पण शिकवतं कोण ते पाहावं. कच्छमधल्या भुजोडीचे वणकर मेघवाळ समाजाचे, म्हणजे अनुसूचित जातीचे. पिढ्यान्‌पिढ्या ते रबारी पशुपालकांसाठी लोकरीची वस्त्रं विणत आले. आज त्यांच्यातले काही स्वतःच्या नावाने शिकवतात, आणि अदीपूरच्या सोमय्या कला विद्यासारख्या ठिकाणी कारागिरांना डिझाइनचं शिक्षण मिळतं. कारागीर तिथे स्वतःच्या कापडाविषयी स्वतः बोलतो. याउलट अनेक कार्यशाळांत विणकर कोपऱ्यात बसून 'करून दाखवतो' आणि बोलणारा दुसराच असतो. बोलणाऱ्याचं नाव जाहिरातीवर, विणकराचं कुठेच नाही. आमच्या दृष्टीने हा साचेखात्याचाच प्रश्न आहे, फक्त कपडे बदलून आलेला.

पैशाचं सरळ बोलू. तीन महिन्यांच्या वर्गावर घर चालत नाही. हातमागाच्या कापडाला यंत्रमागाशी भावात टक्कर देता येत नाही, आणि हाताने विणलेलं महाग कापड घेणारा ग्राहक आपल्या वस्तीत राहत नाही. 'घरबसल्या कमवा' असं सांगून यंत्र विकणारे येतात, त्यांना दारातूनच परत पाठवावं. पण वर्गात हात बसलेल्या मुलीला पुढच्या वाटा दिसतात. भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्थांत, म्हणजे वाराणसी, सेलम, गुवाहाटी अशा ठिकाणी, दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आहे. निफ्टमध्ये टेक्सटाइल डिझाइन आहे आणि तिथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. मुंबई आणि नागपूरला केंद्र सरकारची विणकर सेवा केंद्रं आहेत, तिथे जाऊन चौकशी करता येते. प्रवेशाच्या मुलाखतीत ताणा कसा लावतात हे हाताने दाखवू शकणारी मुलगी आणि पुस्तकातून सांगणारी मुलगी यांत फरक पडतो.

वर्ग निवडताना तीन गोष्टी विचारा. प्रत्येकीला स्वतंत्र चौकट किंवा माग मिळणार का? शिकवणारे स्वतः विणतात का, आणि त्यांचं मानधन किती? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा : ताणा आम्हीच लावायचा का? तो तयार लावून मिळणार असेल तर निम्मं शिक्षण तिथेच गेलं, मग फीसुद्धा निम्मीच द्या.